कुंडलिकेला लावलेला फोन

पहिलंच सांगते — भुताखेतांच्या गोष्टी हा माझा प्रांत नाही. मी वर्ध्याला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मायक्रोस्कोपखाली दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही, इतका साधा माझा कारभार. या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर जेवता जेवता करमणूक म्हणून वाचत आले. पण या जानेवारीत जे झालं ते आम्ही तिघांनी ऐकलंय... आणि तिघांनी वेगवेगळं ऐकलंय. तिथेच घोडं अडतं.

आम्ही नाचणगावचे, पुलगावला लागूनच. घरात बाबा, दादा आणि मी. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. त्याच्या थोडं आधी आई गेली. नोकरी होती तोवर निदान कंडक्टरशी तरी बोलायचे. मग तेही संपलं. लग्नाला चला, जत्रेला चला, काहीही म्हटलं की एकच उत्तर — "तुमी जाऊन या."

दादाच्या आणि माझ्या मनात राफ्टिंगचं कधीपासून होतं. आमच्याकडची वर्धा नदी उन्हाळ्यात गुडघाभर होते, तिथे कसलं राफ्टिंग! म्हणजे बाहेरची नदी निवडणं आलं, आणि त्यावरून रोज भांडण. दादाला ऋषिकेशच पाहिजे होतं. "पाणी पाह्यचं त गंगेचंच पाह्यचं, पिंकी." माझं म्हणणं, कोलाडची कुंडलिका बरी. सुट्टी कमी लागते, धरणाचं पाणी सकाळी सोडतात, नवख्या माणसालाही झेपतं. बाबा येणार नाहीत हे आम्ही धरूनच चाललो होतो. विचारलंसुद्धा नव्हतं.

एका रविवारी दुपारी बाबा स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी तिथेच बसून मैत्रिणीने दिलेला कोलाडच्या कॅम्पचा नंबर लावला. दादानेही ऐकावं म्हणून स्पीकर ऑन केला. फोन उचलला गेला आणि एक बाई बोलली, चक्क आपल्या वऱ्हाडीत —

"या ना बाई. पण बाबाले सोडून येऊ नका. आणजा त्याईले."

आणि फोन कट.

मी थक्क. मी तर अजून हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं! काही बोलणार तेवढ्यात दादा म्हणाला, "चाल, कोलाड फायनल." महिनाभर हटून बसलेला माणूस! आणि बाबा, शेंगांवरून नजर न उचलता — "मी बी येतो."

इतका आनंद झाला की त्या बाईचा विचार मागेच पडला. असेल कोणी आपल्याकडची, तिकडे कामाला गेलेली... मैत्रिणीने आधीच आमच्याबद्दल सांगून ठेवलं असेल. दादाने त्याच संध्याकाळी वेबसाइटवरून बुकिंग करून टाकलं.

कोलाडला दादाने गाइडला सांगून बाबांना राफ्टमध्ये सगळ्यात पुढे बसवलं. मला ते पटलं नव्हतं. पहिल्याच उतारावर पांढऱ्या पाण्याची एवढी मोठी लाट आली की बाबा दिसेनासेच झाले. पाणी ओसरलं आणि बघते तर बाबा निथळत बसलेले, चष्मा एका कानाला लटकलेला, आणि हसताहेत. खदाखदा. आई गेल्यापासून ते हसणं मी ऐकलंच नव्हतं. वर गाइडवर ओरडताहेत, "अबे, थांबला काऊन? घे ना समोर!"

दादा डोळे पुसत होता. म्हणे, पाणी गेलं.

परतीच्या गाडीत बाबा आपणहून बोलायला लागले. "त्या दिवशी फोनवर कसं पाणी वाजून राह्यलं होतं... मले वाटलं, जाऊनच पाहाव."

"पाणी?" मी म्हटलं. "ती बाई बोलत होती ना!"

"बाई कोनची?" दादा म्हणाला. "मानूस होता. हिंदीत बोलला — गंगा बाद में, पहले पिताजी को यहाँ लाओ, आगे बिठाओ. म्हनून त बसवलं."

आधी वाटलं, हा माझी मजा घेतोय. पण दादाचा चेहरा उतरला होता. बाबा आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. "कोनीच बोललं नाई," ते म्हणाले. "नुसतं पाणी होतं."

घरी आल्यावर तो नंबर पुन्हा लावला. बंद. मग कॅम्पच्या मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, तो नंबर आता नाहीये. तो फोन दिवाळीतच राफ्टवरून नदीत पडला. सापडलाच नाही. सिमपण परत घेतलं नाही आम्ही."

दिवाळीत. आणि आमचा फोन जानेवारीतला.

मोबाइलच्या दुकानातला ओळखीचा मुलगा म्हणतो, क्रॉस कनेक्शन असेल. असेल. पण एकाच स्पीकरमधून एकाच वेळी तीन जणांना तीन गोष्टी? गंमत म्हणजे भीतीही वाटली नाही, तेव्हाही आणि आताही. बाबांना विचारलं तर म्हणतात, "बोलावलं, आपन गेलो. आता खोदून काऊन राह्यली?"

फोनचं ते कोणालाच सांगत नाहीत. पण संध्याकाळी पुलगाव स्टेशनपर्यंत फिरायला जातात, वाटेत कोणाला तरी थांबवून राफ्टिंगची गोष्ट सांगतात, आणि दर वेळी ती लाट हातभर उंच होते.