खर्ड्यातली भलती माया

माझं पुस्तक वाचलेला माणूस मला क्वचित भेटतो. पुस्तकाचा कच्चा खर्डा वाचलेली माणसं मात्र रोज भेटतात. शहाद्याच्या स्टँडसमोर चहा घेत उभा असलो की कोणीतरी मोबाइल पुढे करतो.

"दादा, हाई तुम्हीच लिखेल शे ना?"

मी चष्मा न लावताच ओळखतो. पुस्तकाला निळं मुखपृष्ठ आहे. मोबाइलवर फिरतंय त्याला मुखपृष्ठच नाही. वर माझं नाव आणि खाली पहिल्याच वाक्यात शुद्धलेखनाची चूक. ती मी पुढे सुधारली, पण ते याला कुठून माहीत असणार?

"हाई नही रे भो, हाई मी फेकी दियेल शे."

"पन भारी शे दादा!"

मग माझं डोकं फिरतं. मी त्याला दुकानाचं नाव सांगतो, पुस्तक तिथे मिळतं म्हणतो. तो मान हलवतो आणि तो खर्डा माझ्यासमोरच आणखी कोणाला तरी पाठवून देतो.

माझा मूळ धंदा गुरांच्या बाजारातला. लहानपणी दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरून उभा राहायचो, पुढे स्वतः दलाल झालो. शाळा सातवीपर्यंत. बाजारात मला कोणी फसवलं नाही, आणि मीही उगाच कोणाला सोडलं नाही. ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले, तेव्हा मी पशुखाद्याचं दुकान टाकलं. बायको गेली, मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, घर मोठं वाटायला लागलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा मी लिहायला बसलो. बाजाराचं लिहिलं, बैलांचं लिहिलं आणि वहिनीचं लिहिलं.

आईवडील गेल्यावर थोरल्या भावाने मला कोरीट गावी आपल्या घरी आणलं. वहिनी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. तिनेच मला वाढवलं. भाऊ आता नाही, वहिनी आहे. खर्ड्यात तिच्यावर अर्धं पान होतं. त्यातला एक तुकडा असा: "भाऊ बाजाराला गेला की घरात मी आणि वहिनी. वहिनीची माझ्यावर भलती माया. ती टोपल्यात भाकरींच्या खाली माझ्यासाठी दशमी लपवून ठेवायची आणि कोणाला सांगू नको म्हणायची."

आमच्याकडच्या कोणालाही हे वाचून दाखवा. त्याला दशमीची चव आठवेल, बाकी काही नाही. आमच्या अहिराणीत भलती म्हणजे खूप. भलती थंडी, भलतं गोड, भलता हुशार. पुस्तक म्हणजे शाळेची भाषा, म्हणून लिहिताना मी प्रत्येक शे चा आहे केला, मन्हा चा माझा केला. पण काही शब्द दोन्ही भाषांत एकाच कपड्यात फिरतात. ते मला दिसलेच नाहीत.

दिसले ते पुण्याच्या संपादकबाईंना. चांगली बाई. तिने फोन केला आणि अडखळत म्हणाली, "काका, वहिनींच्या पानावर एक शब्द बदलू या का? आमच्याकडे भलती म्हणजे... नको ती. नको तशी."

मी दुकानात एकटाच होतो, तरी माझे कान तापले. तिने एक शब्द बदलायला सांगितला होता. मी अख्खं अर्धं पान उडवलं आणि तिथे एक ओळ घातली: "वहिनीने मला पोटच्या पोरासारखं वाढवलं." या ओळीत कोणाला काही सापडणार नव्हतं. पुस्तक तसं छापून झालं.

पण त्याआधीच मी खर्ड्याची फाइल एका निवृत्त मुख्याध्यापकांना पाठवली होती, शुद्धलेखन बघा म्हणून. शुद्धलेखन त्यांनी बघितलं नाही. फाइल मात्र वाचनप्रेमींच्या गटात टाकली. तिथून ती फुकट पुस्तकांच्या कुठल्या तरी साइटवर गेली, आणि मग तिला आवरणारं कोणी राहिलं नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. गुरुजी झोपाळ्यावर बसले होते.

"अहो, तुमचा प्रचारच केला की मी," ते म्हणाले. "आणि खरं सांगू? छापलेल्यापेक्षा ते जास्त जोरदार आहे. छापलेलं कसं, धुऊन वाळत घातल्यासारखं झालंय."

"गुरुजी, तुम्हाला बाजार माहीत आहे का?"

"आता बाजाराचा काय संबंध?"

मी त्यांना सांगितलं. बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडाने अक्षर काढायचं नाही. तिथे मी आधी काय मागितलं, तुम्ही काय देऊ केलं, ते रुमाल उचलला की संपलं. बाहेर येतो तो शेवटचा भाव. आतला भाव जो बाहेर सांगतो, त्याच्या हातात पुन्हा कोणी हात देत नाही.

गुरुजी हसले. "तुम्ही फारच मनाला लावून घेता बुवा. लेखकाने कसं मोठ्या मनाचं असावं."

मी झोपाळ्याची कडी धरून झोपाळा थांबवला. पुढे मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते मात्र बरोबर गावभर पोचलं. लोकांत त्याचा अर्थ असा झाला की गुरुजी सज्जन आणि मी भांडखोर. मी भांडखोर आहेच. पण फाइल माझी होती.

हे सगळं मी पचवलं असतं. पुतण्याचा फोन आला ते पचलं नाही.

पुतण्या, म्हणजे वहिनीचा मुलगा, नंदुरबारला बँकेत आहे. रोज कोरीटहून जाऊन-येऊन करतो; आई, बायको सगळे तिथेच, त्याच्याजवळ. बँकेत साहेब लोक बदलून येतात, कोणी साताऱ्याचे, कोणी कोकणातले. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी मोबाइलवर वहिनीचा तेवढाच तुकडा आला, मागचं पुढचं काही नाही. पुतण्याचं आडनाव आणि माझं एकच.

"काका," तो म्हणाला, "मी जेवायला डबा उघडला की समोरचे दोघे विचारतात, भलत्या मायेचा आहे का?"

"अरे, त्यासले अहिराणी समजत नही. तू सांग ना त्यासले, भलती म्हणजे..."

"कोणाकोणाला सांगू? माझ्या आईबद्दल मी ऑफिसात उभा राहून अर्थ समजावत बसू?"

"पुस्तकमा मी ते काढी टाकेल शे."

"पुस्तक कोण वाचतंय काका? तुम्ही सध्या घरी येऊ नका. आईला त्रास नको."

तो शुद्ध मराठीत बोलत होता. जन्मापासून तो माझ्याशी अहिराणीत बोलत आला आहे. फोन ठेवल्यावर मला आधी तेच लागलं, बाकीचं नंतर.

शनिवारी माझं जेवण कोरीटला असायचं. भाऊ होता तेव्हापासून. दुकान दुपारी बंद करायचं आणि निघायचं. वहिनी ताट वाढून समोर बसायची आणि तूरडाळ कशी निघाली इथपासून कोणाची सून कशी निघाली इथपर्यंत सांगायची. आता शनिवारी मी दुकान बंद करत नाही. गिऱ्हाईक येतं, ढेपेचं पोतं घेतं, जातं. सुरतेहून मुलगी फोनवर विचारते, "जेवलात का?" मी हो म्हणतो. काय जेवलो ते ती विचारत नाही, मी सांगत नाही. मोबाइलवर रोज अनोळखी लोकांचे निरोप असतात, तुमचं लेखन आवडलं म्हणून. सगळे खर्डा वाचलेले. इतकी माणसं माझ्याशी बोलायला लागली आणि ज्या एका घरात मला काही सांगायचं असायचं ते बंद झालं.

मध्यंतरी वहिनी डोळे दाखवायला शेजारणीबरोबर शहाद्याला आली. मला शेजारणीनेच फोन केला. त्या दोघी स्टँडवर बाकावर बसल्या होत्या. वहिनीच्या एका डोळ्यावर पट्टी होती. मी समोर उभा राहिलो तर तिने मान वाकडी करून दुसऱ्या डोळ्याने बघितलं.

"बठ रे. उभा काबर? तुले कोनी बठू नको सांगं का?"

मी बसलो. बाजारात मी कधी पहिल्या शब्दाला अडलो नाही, इथे अडलो. शेवटी म्हणालो, "वहिनी, ते मोबाइलमधलं... मन्ही चूक नही ती. गुरुजीनी..."

"सूननी वाची दखाडं माले. दशमीनं बी. भलती माया व्हतीच ना मन्ही तुन्हावर. त्यामा वाईट काय शे?"

"तिकडना लोक वाईट समजतस."

"समजू दे. त्यासनी कोठे खादी मन्ही दशमी?"

शेजारीण पदर तोंडाला लावून हसली, वहिनीही हसली. मलाही हसू आलं. वाटलं, झालं, सुटलं. मी घाईने म्हणालो, "पन पुस्तकमा मी ते बठ्ठं काढी टाकेल शे, वहिनी. आते काहीच नही."

वहिनीचं हसणं थांबलं.

"ते बी वाचं सूननी," वहिनी म्हणाली. "एक ओळ. बैलसवर तू पानंच्या पानं लिखेल शेतस. शिंगंसवर लिखं, खुरंसवर लिखं. आनि मी एक ओळमा आवरी गऊ?"

गेले कित्येक महिने मी ज्याला त्याला ओरडून सांगत होतो, खर्डा खोटा, पुस्तक खरं. आणि जिच्यासाठी ओरडत होतो तिला खर्डाच हवा होता.

"पोरगा नाराज शे," ती उठताना म्हणाली. "त्याना घरमा ऱ्हास मी. तू येऊ नको इतक्यात." मग गाडी लागली. मी तिला हात देऊन वर चढवलं. खिडकीची जागा पट्टीच्या डोळ्याकडे आली, म्हणून तिला मी दिसलो नसणार.

त्यानंतर संपादकबाईंचा फोन आला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची होती, काही दुरुस्त्या आहेत का?

"वहिनीचं अर्धं पान परत घाला," मी म्हणालो.

"छान. मग भलती च्या जागी फार करू."

"भलतीच ठेवा."

"काका, मग खाली टीप देऊ, अहिराणीत अर्थ खूप असा."

"टीप नको. ती काय टिपेतली बाई आहे का?"

बाईंनी बराच वेळ घासाघीस केली. टीप नाही तर शेवटी शब्दांची यादी, यादी नाही तर नुसतं अवतरणचिन्ह. मी एकेक पाडत गेलो. शेवटी ती म्हणाली, "लोक पुन्हा तेवढंच फिरवतील. आणि आता तर ते छापील असेल, टाकून दिलेलं आहे असं म्हणता येणार नाही तुम्हाला."

"नाही म्हणणार."

छापायला जाण्याआधी मी पुतण्याला स्वतः फोन केला. दुसऱ्याकडून कळायला नको होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. आईला तसंच हवं आहे, हेही मी सांगितलं.

"आईला काय कळतं त्यातलं?" तो म्हणाला. "तुम्ही ते छापणार असाल तर आपला संबंध संपला, काका. फोनही करू नका."

थोडं थांब म्हणता आलं असतं. टीप घालतो, शब्द बदलतो, मधलं काहीतरी काढू, असं म्हणता आलं असतं. आयुष्यभर मी तेच केलं आहे, समोरचा उठून जायला लागला की त्याची बाही धरायची. पण इथे मधलं काही निघत नव्हतं. एक शब्द जरी कमी केला असता तरी वहिनी पुन्हा त्या एका ओळीत गेली असती.

"बरं," मी म्हणालो.

तोही लगेच फोन ठेवू शकला नाही. त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली आणि वहिनीचा आवाज आला, कोनाशी बोली ऱ्हायना रे? त्याने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.