पत्र्याच्या गोदामातली हाक

मी लॅबमध्ये काम करते. रक्त, लघवी, थुंकी — काचेवर दिसेल तेवढंच खरं, अशी माझी समजूत. दृष्ट, भूतबाधा, अंगात येणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ विषय बदलते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही हिंगोलीत राहतो. माझे मिस्टर लग्नाआधी वरातीत डीजे वाजवायचे. भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उभं राहून राहून कान गेले. स्थळ आलं तेव्हाच ते दोन्ही कानांनी पूर्ण बहिरे होते, त्यांनी लपवलं काहीच नव्हतं. बोलतात मात्र छान. मी मोबाईलवर टाइप करून दाखवते, नाहीतर ते ओठांवरून ओळखतात. पण टाइप करून माणूस किती बोलणार हो? हळूहळू आमचा संसार "भाजी काय आणू" आणि "गॅस संपला" एवढ्यावर आला होता.

त्यात गेल्या हिवाळ्यात ते दर रविवारी दुपारी गायब व्हायला लागले. विचारलं की, "काम हाय." येताना मोजे पिवळेधमक! हळद. आमचं तर हळदीशी काही देणंघेणं नाही. माझ्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. शेवटी लॅबमधल्या समरीनसमोर रडले, तर ती कार्टी हसतच सुटली.

"भाभी, भैया तो हमारे डीजे हैं!"

तेव्हा कळलं — हिंगोलीतही चोरून डान्स पार्ट्या होतात. इन्स्टावर नुसता पिवळा ठिपका टाकायचा, ज्याला कळायचं त्याला कळतं. जागा ऐनवेळी मेसेजवर. वेळ दुपारची, कारण पोरींना दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं असतं. पुढच्या रविवारी मी समरीनच्या स्कूटीवर मागे बसून गेले. कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला, आत शेतात, हळदीचं एक रिकामं गोदाम. बाहेर शुकशुकाट. आत वीस-पंचवीस पोरंपोरी कानाला वायरलेस हेडफोन लावून बेभान नाचत होती. गाणं फक्त त्यांच्या कानात. टेबलामागे आमचे हे, मशीनवरचे दिवे आणि पोरांचे पाय बघून गाणी बदलत होते! इतकं खूश मी त्यांना घरी कधीच पाहिलं नव्हतं. राग आला, आणि खूप वाईटही वाटलं.

एकदम लाईट गेली. मशीन बंद, सगळ्यांच्या कानातलं गाणं बंद. पोरं हेडफोन काढून उभी राहिली. हे पाठमोरे वाकून वायर तपासत होते. मी पार मागे, दाराशी. मी आलेय हेही त्यांना माहीत नव्हतं. माझ्याशीच पुटपुटले, "गजानन, सांगितलं असतंस तर मी नाही म्हणाले असते का रे?"

आमच्यात नवऱ्याचं नाव घेऊन अरे-तुरे कुणी करत नाही. मी करायची, त्यांच्या पाठीमागे... ऐकू येत नाही म्हणूनच.

ते वळलेसुद्धा नाहीत. वायर बघत बघत म्हणाले, "म्हणली असतीस. म्हणून तर सांगितलं न्हाई."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मग त्यांच्याही लक्षात आलं. सावकाश वळले. "तुझा आवाज एवढा जाड हाय व्हय?... अन् वर पत्र्यावर पारवे घुमून राहिले."

मी कान दिला. खरंच घुमत होते.

"परत घे की माझं नाव."

सगळी पोरं आमच्याकडे टकामका बघत होती. मला मेलीला लाज वाटली. म्हटलं, "घरी गेल्यावर."

तेवढ्यात लाईट आली, पोरं पुन्हा नाचायला लागली.

नंतर नांदेडला डॉक्टरांना दाखवलं. नस निकामी आहे, ऐकू येणं शक्यच नाही म्हणाले. जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून मी कितीदा वाचलाय, फरक नाही. ओठ दिसले असतील म्हणावं तर त्यांची पाठ होती. आणि माझा आवाज पुरुषी, जाड आहे... हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं, मी तर मुळीच नाही. याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. आता रविवारी मीही जाते. लाईट जायची वाट बघते, गेली की नाव घेते. काही होत नाही.

त्या दिवशी घरी पोचल्या पोचल्या मी अंगणातच त्यांच्या नावानं हाक मारली. मग आणखी मोठ्यांदा. सासूबाई "काय झालं गं?" म्हणत आतून धावत आल्या. ते पाठमोरे बसून गाडी पुसत होते.