चार दिवसांची वाटणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आईने मला अक्काला आणायला तिच्या सासरी धाडलं होतं आणि मी तिथं ते विचारलंच नाही.

पंचमीचे दिवस. मी पुण्यात नवा नोकरीला, सुट्टी अवघी चार दिवसांची. आईने लिहवून घेतलेलं पत्र आलं: आधी लातूरला उतर, मुराळी म्हणून जा, अक्काला घेऊन नांदेडला ये. आमच्याकडे सून आपल्या तोंडाने माहेरी जाते म्हणत नाही. भावाने तिच्या सासऱ्यासमोर बसून म्हणायचं, "पंचमीला लेक पाठवा," मगच ती उंबरा ओलांडते. दोन दिवस लातूर, दोन नांदेड, अशी वाटणी मी गाडीतच करून टाकली होती.

श्रावण कोरडा चालला होता. लातूर नुकतंच उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालेलं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या आणि गल्लोगल्ली टँकरची वाट बघत मांडलेल्या घागरी. अक्का दारातच म्हणाली, "लई वाळलास रे. जा, पहिलं आंगोळ कर." न्हाणीत बादलीभर पाणी काढून ठेवलेलं होतं. त्या दिवशी अक्काची आणि तिच्या दोन लेकरांची आंघोळ झाली नाही, हे मला उशिरा कळलं.

शेजारीण भिंतीवरून ओरडली, "आला गं बाई मुराळी! आता कोन धरतंय हिला?"

"तुमचं आपलं कायतरीच, काकू," अक्का म्हणाली, पण हसू तिला आवरत नव्हतं. तिच्या लुगड्यांची पिशवी भरून तयार होती.

जेवायला तिचे सासरे, अप्पा, पूजा आटोपून कपाळभर विभूती लावून आले. म्हणाले, "आता आपन जिल्ह्याची मानसं, पाव्हणं. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या. पानी तेवढं उस्मानाबादलाच राहिलं!" आम्ही हसलो. मग त्यांनी विचारलं, "सुट्टी किती?"

"चार दिवस."

"मंग?"

बोलायची जागा हीच होती. आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता.

"मग परत पुण्याला," मी म्हणालो.

अप्पांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि ताक मागितलं. आत भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली.

का नाही विचारलं? भीती, संकोच असं काही नव्हतं. अक्काला नेलं की दोन लेकरंही आली, आणि तिला पोचवायला पुन्हा लातूरला मीच येणार. माझे नांदेडचे दोन दिवस एसटीतच जाणार होते. मला ते पुरे हवे होते, आईसकट. एवढंच कारण.

निघताना अक्काने हळूच विचारलं, "आई काय म्हनली रे?"

"काही नाही. बरी आहे."

नांदेडला आईने दार उघडलं आणि माझ्या पाठीमागे बघितलं. "अन् ती?"

"पाठवत नाहीत. पाण्याच्या रांगेला माणूस लागतं म्हणाले."

"पंचमीला लेक अडवून ठेवतेत व्हय रे? मानसं हायेत का कोन!"

मी पिशवी घेऊन आत गेलो. आईने पंचमीची पुरणाची दिंडं केली, मला वाढली, स्वतः एकच खाल्लं. ते दोन दिवस मी मजेत घालवले, हेही सांगायला हवं.

त्यानंतर आईने लातूरच्या घरी पाऊल टाकलं नाही, की पंचमीला कुणाला धाडलं नाही. लग्नाकार्याला व्याही समोर आले तर ती तोंड फिरवायची. पुढे एकदा अप्पाच मला म्हणाले, "त्या साली तू काय बोललाच न्हाईस. आमाला वाटलं, तुमच्याच घरी काय अडचन आसंल. आमी तर पाठवनारच होतो." मी तेव्हाही मान हलवली, बस्स.

आई गेली ती त्यांना दोष देतच. अप्पाही आता नाहीत. अक्का आहे, लातूरलाच. "त्या वर्षी आईनं मला बोलावलंच न्हाई," असं ती अजून मधूनच म्हणते, माझ्यासमोर, माझ्या ताटात वाढता वाढता.

आईने तिला बोलावलं होतं. विचारायचं मी टाळलं आणि आईशी खोटं बोललो. हे अक्काच्या घरी जाऊन, तिच्या तोंडावर सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.