संदर्भासाठी माझा नंबर

लग्नाच्या बायोडाटात सगळ्यात खाली एक ओळ असायची, 'संदर्भासाठी'. वर फोटो, उंची, शिक्षण, अपेक्षा. अपेक्षांमध्ये सगळेच 'समजूतदार' लिहायचे; 'बिनडोक चालेल' असं कोणी लिहिलेलं मी पाहिलं नाही. आणि तळाशी दोन नावं, दोन फोन नंबर. समोरच्यांनी त्या नंबरवर फोन करायचा आणि विचारायचं, मुलगी कशी आहे हो? माझ्या बायोडाटावर पहिला नंबर मामाचा होता आणि दुसरा माझ्या मैत्रिणीचा. तिच्या बायोडाटावर मात्र पहिलाच माझा.

आम्ही दोघी नारायण पेठेतल्या एका लहानशा संस्थेत कामाला होतो. पेशवाईतले मोडी कागद वाचून देवनागरीत उतरवायचे, हे काम. शेजारी शेजारी टेबलं, समोर कापडात बांधलेली कागदांची गाठोडी. दोघींचं वय एकतीस, मी तीन महिन्यांनी मोठी. मी पेठेतच राहायचे, ती वारज्याहून स्कूटीवर यायची. नाव एकाच विवाह मंडळात नोंदवलेलं. शनिवार-रविवार मुलं बघायची आणि सोमवारी टेबलावर त्यांचं वाचन करायचं, असा आमचा क्रम. घरचे स्वतःला मोठे आधुनिक समजायचे. आधी तुम्ही दोघं बाहेर भेटून घ्या, कॉफी प्या, मग आम्ही मोठी माणसं बघू, म्हणायचे. एकाने मला कॉफी पिता पिता विचारलं होतं, तुम्हाला राग येतो का? मी म्हटलं, आत्तापर्यंत आला नव्हता. ते स्थळ तिथेच संपलं.

गंमत म्हणजे आमच्या त्या जुन्या कागदांतही हेच चालायचं. कुणी पुण्यातून साताऱ्याच्या ओळखीच्याला लिहायचं की अमक्यांची मुलगी सांगून आली आहे, कशी आहे ते कळवावं. त्याचं उत्तर यायचं चार ओळींचं. चांगली असेल तर सरळ लिहिलेलं असायचं. नसेल तर वाईट म्हणून कोणीच लिहायचं नाही. घराण्याची चौकशी, हवापाण्याची चौकशी आणि शेवटी, बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ आहात. एवढं वाचलं की समोरचा समजायचा. त्या सात-आठ वर्षांच्या पोरींना आपल्याबद्दल कोणी काय लिहिलं हे जन्मात कळलं नसणार. आम्ही दोघी अशा पत्रांवर फार हसायचो.

मग ते स्थळ आलं. मला आलं, आधी मला, हे नीट लक्षात ठेवा. मुलगा नदीवरच्या पुलांची कामं करणारा इंजिनीअर होता. बोलायला शांत. मी बोलत असताना त्याने एकदाही फोन उलटा करून बघितला नाही, आणि मी मोडीबद्दल सांगायला लागले तेव्हा त्याने टिश्यूवर मला 'क' काढून दाखवायला लावला. पाऊण तास बसलो आम्ही. तो टिश्यू त्याने घडी करून खिशात ठेवला. मला तो आवडला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? घरी येऊन मी आईला 'बरा आहे' म्हणाले, आणि माझ्या तोंडून 'बरा' म्हणजे काय हे आईला कळत असल्यामुळे तिने त्याच दिवशी गोडाचा शिरा केला.

आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला, मुलाचं सध्या लग्नाचं मन नाही. शिऱ्यासाठी आणलेला उरलेला रवा मी कामवाल्या मावशींना दिला.

तीन आठवडे गेले. एका सोमवारी मैत्रीण टेबलापाशी आली आणि बसली नाही, उभीच राहिली. हातात एक बायोडाटा. फोटोतला शर्टसुद्धा तोच. "मंडळातून आलंय," ती म्हणाली. "तू म्हणशील तर मी नाही म्हणून कळवते. खरंच."

"छे, त्यात काय," मी म्हणाले. "माझं काय ते संपलं. जा की तू." एवढं छान बोलले मी की माझं मलाच कौतुक वाटलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. मन नाही काय? तीन आठवड्यांत मन आलं होय?

ती शनिवारी त्याला भेटली. पाऊण तास नाही, तीन तास. कॉफी झाली, मग दोघं चालत निघाली, बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरली, मग भेळ. सोमवारी ती हे सगळं जपून जपून सांगत होती, दुखणाऱ्या दाढेच्या बाजूने घास न्यायचा नाही तसं. तिच्या त्या जपण्यानेच मला जास्त झोंबलं. पुस्तकं तर मला आवडतात! भेळ मलाही खाता येते! मी तिच्याकडे नव्याने बघायला लागले. नाक माझं सरळ, रंग माझा उजळ, मोडी तिच्यापेक्षा मी दुप्पट वेगाने वाचते. मग हिला असं काय सोनं लागलंय? हेवा, मत्सर, जळफळाट, मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे सगळे त्या आठवड्यात मी वापरून संपवले. तिचा डबा उघडला की मला तिच्या बटाट्याच्या भाजीचासुद्धा राग यायचा.

गुरुवारी दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला. मैत्रीण आतल्या खोलीत गाठोडं बांधत होती. फोनवर त्या मुलाच्या आई होत्या. त्यांनी आडनाव सांगितलं आणि मी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. त्यांचं आधीचं बोलणं माझ्या आईशी झालेलं, माझा आवाज त्यांना ओळखीचा नव्हता. मी कोण हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. बायोडाटावरचा संदर्भाचा नंबर लावला होता, बस.

"मुलीबद्दल जरा विचारायचं होतं. तुम्ही जवळच्या मैत्रीण ना?"

"हो. एकत्रच काम करतो आम्ही."

"स्वभावाने कशी आहे?"

मी गप्प बसले. मुद्दाम बसले. फोनवर तीन सेकंद गप्प बसणं म्हणजे काय असतं, हे एकदा बसून बघा. मग म्हणाले, "चांगली आहे."

"घरात मिळून मिसळून राहील ना?"

"ते आता… मी मैत्रीण पडले. मी काय सांगणार? तुम्ही सुज्ञ आहात."

खोटं एक अक्षर बोलले नाही मी. तीनशे वर्षांचं जुनं विष होतं ते, वाचून वाचून माझ्या हातात आलेलं. पलीकडून त्या "असं होय," म्हणाल्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आपण राहायला कुठे?"

"नारायण पेठेत."

"अगबाई. म्हणजे तुम्हीच का त्या? आमच्या मुलाला भेटलेल्या? बघा, इतकी स्थळं बघतो की नावं डोक्यात राहत नाहीत. गैरसमज नका हं करून घेऊ. अहो, तुमच्या चौकशीसाठी मी तुमच्या मैत्रिणीला फोन केला होता. पाऊण तास बोलली ती पोर तुमच्याबद्दल. तिचे वडील हॉस्पिटलात होते तेव्हा अकरा दिवस तुम्ही वारज्याला डबा पोचवलात, बोलायला तिखट आहे पण मनात काही ठेवत नाही, असं काय काय. फोन ठेवताना माझ्या मनात आलं, जी दुसरीबद्दल एवढं भरभरून बोलते ती स्वतः कशी असेल! म्हणून मीच विचारलं तिला, तुमचं लग्न झालंय का? नाही म्हणाली. मग बायोडाटा मागवून घेतला."

मी काहीच बोलले नाही. या वेळी मुद्दाम नाही.

"बरं झालं तुम्हाला विचारलं," त्या म्हणाल्या. "जिथे मैत्रीणच हातचं राखून बोलते, तिथे आपण विचार करायला हवा."

"नाही, तसं नव्हतं मला म्हणायचं," मी म्हणाले.

"कळलं मला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी तो नंबर दोनदा लावला आणि दोन्ही वेळा वाजायच्या आत तोडला. लोकांना वाटेल पश्चात्तापाने जीभ उचलत नव्हती. नाही. मला बरं वाटत होतं. माझ्या कौतुकाच्या शिडीवर चढून ती वर गेली होती, आणि मला सांगितलं काय, तर मंडळातून आलं. पडू दे आता, असंच मनात होतं. ती आतून गाठोडं घेऊन आली, म्हणाली, "कुणाचा फोन?" मी म्हणाले, "बँकेचा."

तिला शनिवारी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. सोमवारी ती टेबलाशी बसून रडली. आवाज न करता, नुसती टपटप. मी म्हणाले, "कागदावर पाणी पाडू नकोस, शाई पसरेल." तिने मुकाट्याने कागद बाजूला सरकवला. जरा वेळाने विचारलं, "त्यांनी तुला फोन केला होता का गं?"

"केला होता. चांगलंच सांगितलं मी."

"ते काय मला माहीत नाही का," ती म्हणाली.

तेव्हा मात्र लागलं. पण बोलले नाही. ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी चांगलं वाटत होतं, आणि वाईट वाटायला लागलं तेव्हा उशीर झाला होता. तिने बायोडाटात फोटो बदलला, अपेक्षांमध्ये एक ओळ कमी केली. तळाशी पहिला नंबर माझाच ठेवला. दर वेळी नवी प्रत निघाली की मी आधी तळ बघायचे.

सहा-सात महिन्यांनी तिला एक शिक्षकाचं स्थळ आलं. दोघं चार वेळा भेटली. मोठ्या पुस्तकांच्या गप्पा वगैरे काही नव्हत्या. त्याने तिची स्कूटी दुरुस्त करून आणून दिली, एवढंच ती सांगायची, पण ते तीनतीनदा. मला पुन्हा जळायला झालं, नाही असं नाही. माझ्याकडे तेव्हा दुरुस्त करण्यासारखी स्कूटीही नव्हती.

त्या शिक्षकाच्या आईचा फोन रविवारी सकाळी घरी असताना आला. मी गॅलरीत उभी राहिले आणि बोलायला लागले. सगळं सांगितलं. ती चूक झाली की आधी स्वतः कबूल करते. संस्थेतल्या म्हाताऱ्या शिपायाचं नाव घेऊन ती रोज चौकशी करते. रडते तीसुद्धा दुसऱ्याला त्रास होणार नाही अशी. मी तिखट, ती गोड असं नाही, तिला रागही येतो, पण तो संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे सगळं खरं आहे, आणि मला ते पहिल्यापासून माहीत होतं. घड्याळ बघितलं तर पाऊण तास होऊन गेला होता.

पलीकडून त्या बाई म्हणाल्या, "किती छान बोलता हो तुम्ही. एक विचारू का? तुमचं लग्न झालंय?"

माझी आई हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून चार वर्षं देव पाण्यात घालून बसली होती.

"हो," मी म्हणाले. "दोन वर्षं झाली."

फोन ठेवून वळले तर आई मागे उभी. हात पिठाचे. म्हणाली, "कोणाशी?"

मैत्रिणीचं लग्न वारज्याच्या एका कार्यालयात झालं. संध्याकाळी स्टेजवर भेटायला गेले तर तिच्या सासूबाईंनी मला आवाजावरूनच ओळखलं. हात हातात घेतले. "तुम्हीच त्या फोनवरच्या. किती कौतुक केलंत हिचं! आणि मिस्टर नाही आले?"

"टूरवर असतात," मी म्हणाले.

मैत्रीण बाजूला उभी होती. तिने मान वळवली. "कोणाचे मिस्टर?"

"अगं, यांचे," सासूबाई म्हणाल्या. "मी विचारलं होतं ना फोनवर, लग्न झालंय का म्हणून. माझ्या भाच्यासाठी बघत होते. दोन वर्षं झाली म्हणाल्या." आणि त्या दुसऱ्या पाहुण्यांकडे वळल्या.

मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला मोडीसारखं वाचता येत होतं. तो प्रश्न तिलाही एकदा असाच विचारला गेला होता, आणि तिने ते माझ्यापासून लपवलं होतं; ते मला ठाऊक नसतं तर लग्न झालंय असं मी सांगितलं नसतं.

"तुला कधी कळलं?" तिने हळूच विचारलं. "तेव्हाचं. त्या इंजिनीअरच्या आईने मला विचारलं होतं ते."

खोटं बोलायची तयारी नव्हती. सगळं खोटं सासूबाईंवर खर्च झालं होतं. "त्यांचा मला फोन आला तेव्हाच," मी म्हणाले.

तिने क्षणभर हिशोब लावला. खालून कोणीतरी आम्हाला आवरतं घ्यायला सांगत होतं, रांग लांब होती.

"म्हणजे पत्रिका जुळत होती," ती म्हणाली.

मी मान डोलावली. फोटोग्राफर म्हणाला, ताई, इकडे बघा, जवळ या जरा. ती जागची हलली नाही, मग हात पुढे करून तिनेच मला जवळ ओढलं. बांगड्यांचा हात होता, दंडाला चांगलाच रुतला. फोटोत आम्ही दोघी समोर बघतोय.