पंधरावा जोड

टपालबाईंनी हात टेकले होते. नवरा बूट शिवण्यात नावाजलेला, लोक लांबलांबून येतात, आणि स्वतःच्या बायकोला नऊ वर्षांत एक धड जोड करून देता येऊ नये!

बाईंचा डावा पाय जन्मापासून जरा आखूड. त्या बुटाचा तळ तेवढा जाड करायचा, संपलं काम. पण हा माणूस सोपं काम सोपं ठेवेल तर शपथ! कधी तळात लाकूड, कधी बूच, कधी सायकलच्या टायरचा तुकडा. असे चौदा जोड झाले. दर वेळी "आता जमलं बघ", आणि दर वेळी दुपारपर्यंत बाईंची कंबर बोंबलायला लागायची. लोक चिकाटीचं कौतुक करतात. चिकाटीच्या माणसाबरोबर एकदा संसार करून बघा म्हणावं.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. सोमवारी ऑफिसचे डॉक्टर बाईंची चाल बघणार होते. लंगडताना दिसल्या की फिरती बंद, तिकिटांच्या खिडकीत बसायचं. बावीस वर्षं बाईंनी दारोदार पत्रं वाटली होती. कुठल्या जिन्याची कितवी पायरी हलते, कुठली आजी दार उघडायला किती वेळ लावते, सगळं पाठ. खिडकीत बसायच्या कल्पनेनंच त्यांना रडू यायचं.

शनिवारी संध्याकाळी त्या तडक नवऱ्याच्या दुकानात शिरल्या आणि चौदावा जोड त्याच्यासमोर आपटला.

"घ्या! घाला तुम्हीच!"

"माप चुकलेलं नाही," नवरा ढिम्म. "अर्धा इंच. दर वेळी तेवढंच येतं."

माप घ्यायची त्याची एक रीत होती. बाईंनी अनवाणी फळीवर उभं राहायचं. तो डाव्या पायाखाली पाव इंची कातड्याचे तुकडे सरकवायचा आणि कंबर दोन्हीकडे सारखी झाली की थांबायचा. कायम दोनच तुकडे लागायचे. बाई अगदी ताठ उभ्या राहायच्या. लहानपणी आईनं दटावून शिकवलेलं, पाहुण्यांसमोर नीट उभी राहा, पाय आखूड आहे हे कुणाला कळता कामा नये.

"मग माझी कंबर खोटं बोलते का?" बाई ओरडल्या. "नऊ वर्षं! तुमचे प्रयोग आणि माझे पाय! सोमवारी मला खिडकीत कोंबतील, मग बसा कवटाळून तुमचं बूच!"

पाय आपटून त्या फळीवर उभ्या राहिल्या, कमरेवर हात, डोळ्यांत पाणी. नवरा त्यांच्या खांद्याकडे बघत राहिला. डावा खांदा चांगलाच खाली गेला होता.

"हलू नकोस."

"मी काय सांगतेय आणि तुम्ही..."

"अगं, हलू नको म्हटलं ना!"

त्यानं दोन तुकडे सरकवले. मग तिसरा. मग चौथा. तेव्हा कुठे कंबर सारखी झाली. त्यानं उजव्या गुडघ्यामागे बोट लावलं. "मी मोजायला बसलो की तू हा वाकवतेस. आत्ता रागात विसरलीस."

"मी? मी कशाला वाकवू?" म्हणत बाई नेहमीसारख्या नीट उभ्या राहिल्या, आणि गुडघा आपोआप वाकला. नऊ वर्षं नवऱ्यासमोर त्या पाहुण्यासमोर उभं राहावं तशा उभ्या होत्या.

"आता कशी उभी राहू?" त्यांनी हळूच विचारलं.

"भांडत होतीस तशी."

रविवारभर तो जागचा उठला नाही, एक इंच तळाचा पंधरावा जोड शिवूनच थांबला. सोमवारी बाई तो घालून गेल्या. डॉक्टर म्हणाले, "बाई, सरळ उभ्या राहा," आणि मेला गुडघा पुन्हा वाकायला लागला. बाईंनी दात आवळले, ते चौदा जोड डोळ्यांसमोर आणले, स्वतःचा भयंकर राग आला आणि त्या ताडताड खोलीच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या.

"चाल ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "पण एवढ्या चिडलात कुणावर?"

बाईंना खरं सांगायची लाज वाटली. "नवऱ्यावर," त्या म्हणाल्या, आणि पत्रांची पिशवी खांद्याला अडकवून फिरतीवर निघाल्या.