घोड्याचं वाक्य गाळलेली वही

मंडळी, गारखेड्यात आत्ताच आमची तालीम संपली. घरी जाईपर्यंत दम निघत नाही, म्हणून रिक्षात बसूनच लिहितोय.

आम्ही निजामाच्या काळातलं एक विनोदी नाटक बसवतोय. देवगाव रंगारीच्या एका गुरुजींनी ते वेठबिगारीवर लिहिलं होतं. त्यात साहेबाचं सामान वाहणारा मेंढपाळ म्हणतो, "साहेब, घोडा लई दमलाय. त्यालाबी द्या माझ्या डोक्यावर."

तेव्हा परवानगीसाठी नाटकाचा उर्दू तर्जुमा कचेरीत द्यावा लागायचा. तो ज्यांनी केला, त्यांचे नातू रशीदभाई आज खुलताबादहून ती वही घेऊन आले आणि आम्हाला मराठीत सांगत वाचू लागले. घोड्याचं वाक्य आलंच नाही. तिथं लिहिलं होतं, मेंढपाळ खुशीनं सामान उचलतो.

मेंढपाळाचं काम करणारी सविता भडकली. "चाचा, तुमच्या आजोबांनी नाटकाचा जीवच काढला की."

रशीदभाईंनी शेवटच्या पानावरचा परवानगीचा शिक्का दाखवला. "जीव काढला म्हणून तर हा बसला, बेटी."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. प्रयोगाला मराठी न येणारा अंमलदार आजोबांना शेजारी घेऊन बसला होता. घोड्याच्या वाक्याला लोक लोळून हसले. त्यानं विचारलं, "ये लोगां कायको हस रहे?"

आजोबा म्हणाले, "खुशी से सामान उठाया ना, हुजूर. देख के खुश हो रहे."

उद्या आमची जाहिरात छापायला जातेय. लेखक म्हणून त्यावर एकच नाव आहे, गुरुजींचं. तुम्ही असता तर किती घातली असती?