जिथे हात लावायचा नव्हता

दुकानात येणारं गिऱ्हाईक तिला ताई म्हणे. दुरुस्त केलेला कॉम्प्युटर परत देताना ताई प्रत्येकाला बजावायची, "बाकी काय वाटेल ते करा, पण सिस्टमच्या फाइलींना हात लावू नका. मशीनचा जीव तिथे असतो." काम तिचं, पाटीवर नाव नवऱ्याचं. गल्ल्यावर बसून गोड बोलणं एवढीच त्याची विद्या. शटर अर्धं खाली आलं की ते गोड बोलणंही संपायचं. एकदा त्याने तिचा हात टेबलाच्या कडेवर आपटला आणि मनगट मोडलं. स्टुलावरून पडली, असं तोच सगळ्यांना सांगत सुटला आणि सगळ्यांना ते पटलंसुद्धा.

तिचा दादा दुकानात येऊन बघून गेला. निघताना दाराशी ती त्याच्याशी हळूच बोलली, तर म्हणाला, "पुरावा असेल तर बोल. उगाच कुणावर आळ घेऊ नकोस."

पुरावा तर तिच्या डोक्यावरच होता. चोरांच्या भीतीने नवऱ्यानेच भिंतीवर कॅमेरा लावून घेतला होता. त्याला वाटायचं, पडद्यावर समोर दिसतं तेवढंच. ते सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये साठत जातं, हे फक्त तिला ठाऊक होतं. तिने दादाला फोन लावून सांगितलं, पुरावा आहे. तेवढंच बोलणं नवऱ्याने ऐकलं आणि शटर पूर्ण खाली ओढलं.

"कुठे लपवलंयस?"

त्याने प्लास्टरमधला हात धरून पिरगळला. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तोंडातून पासवर्ड निघाला. तो सिस्टमच्या फोल्डरकडे वळला, तेव्हा तिने खरं तेच सांगितलं.

"तिथे रेकॉर्डिंग नाही. मशीन सुरू करणाऱ्या फाइली आहेत त्या."

"मला शिकवतेस? अख्ख्या गावाला जिथे हात लावू नका म्हणतेस, तिथेच दडवलं असणार."

नाव कळत नव्हतं अशी एकूण एक फाइल त्याने उडवली. पण पडद्यावर कॅमेऱ्याचं चित्र चालूच राहिलं. मशीन सुरू होताना या फाइलींतला गाभा एकदाच वाचून घेतं आणि मग त्याच्याच जोरावर चालत राहतं. मागे फाइली पुसल्या तरी बंद होईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. त्याने तिच्यावर हात उगारला, तर पडद्यावर त्याला स्वतःचाच उगारलेला हात दिसला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने कीबोर्ड उचलून तिच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला आणि बटणं फरशीवर विखुरली. मग त्याने बटण दाबून मशीन बंद केलं आणि पुन्हा लावलं. काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ आली आणि तिथेच थांबली.

"मेलं," तो हसला. बोटांवरचं रक्त तिच्याच ओढणीला पुसून तो चहाला गेला.

तिला भयंकर राग आला होता. एका हाताने तिने स्क्रू काढले. मशीनला उठवणाऱ्या फाइली तेवढ्या गेल्या होत्या. रेकॉर्डिंग डिस्कच्या दुसऱ्याच भागात जसंच्या तसं होतं. डिस्क ओढणीआड घेऊन ती दादाच्या घरी गेली आणि वायरने त्याच्या लॅपटॉपला जोडली.

मनगट आपटलं, तेव्हा दादाने डोळे मिटले. कीबोर्ड तोंडावर बसला, तेव्हा तो उठला आणि कोपऱ्यातली लोखंडी पहार त्याने हातात घेतली.

"आज जीवच घेतो त्याचा."

"खाली बस," ताई म्हणाली. फाटलेल्या ओठातून शब्द नीट निघत नव्हते. "इथून मी पोलिसांकडे जाणार आहे. त्याआधी मधलं एक बघायचं राहिलंय तुझं."

तिने तारीख मागे नेली. पडद्यावर तेच दुकान होतं. ती प्लास्टरमधला हात छातीशी धरून कोपऱ्यात उभी होती. समोरच्या खुर्चीत दादा बसला होता आणि तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत होता.